माहितीची ठेव आणि कळविण्याचे कर्तव्य

जबलपूर शहराच्या जुन्या वस्तीत दीक्षितपुरा हा मोहल्ला आहे. बडा फुहारा, कमानिया गेट आणि सराफा ही गजबजलेली बाजारपेठ तेथून जवळच आहे. मराठी कुटुंबे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत आणि सराफाशी व्यवहार कसा करावा, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. दागिना ठेवला की चिठ्ठी घ्यावी, ती जपून ठेवावी आणि मुदतीत सोडवून आणावा. दुकानात चोरी झाली, तर सराफाने आधी पोलिसांत वर्दी द्यावी आणि मग ज्यांचे दागिने होते त्यांच्या घरी निरोप धाडावा. जो निरोप धाडीत नाही, त्याची पत बाजारात टिकत नाही.

आज घरोघरी आणखी एक ठेव दुसऱ्याच्या हाती सोपविली जाते. तिला वजन नाही, ती डोळ्यांना दिसत नाही. नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक, पॅन, आधार, कार्डाचा क्रमांक, आजारपणाचे कागद ही सर्व माहिती बँका, विमा कंपन्या, रुग्णालये, विमान कंपन्या, शिकवणी वर्ग आणि दुकाने यांच्या संगणकांत साठलेली असते. या ठेवीची चोरी झाली, तर काय व्हावे, याविषयीचे नियम गेल्या काही वर्षांत भारतात आकारास आले आहेत. प्रत्येक खातेदाराने ते समजून घेणे अगत्याचे आहे.

दागिन्याची चोरी आणि माहितीची चोरी यांत एक मूलभूत फरक आहे. दागिना गेला की डबी रिकामी होते. माहिती चोरीस गेली, तरी ती जागच्या जागी असते. चोर केवळ तिची नक्कल घेऊन जातो. त्यामुळे तिच्या मालकास स्वतःहून काहीही कळण्याचा मार्ग नसतो. त्यास कोणी सांगावे लागते. माहितीगळतीनंतर नियामकास आणि ग्राहकास कळविण्याच्या सर्व कायद्यांचा पाया या एका वस्तुस्थितीत आहे.

बंद पडलेले कार्ड

दीक्षितपुऱ्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेची कल्पना करावी. ऑक्टोबर २०१६ मधील एका सकाळी त्या निवृत्तिवेतन काढण्यासाठी एटीएमवर जातात. कार्ड चालत नाही. दुसऱ्या यंत्रावरही चालत नाही. त्या शाखेत जातात. खिडकीवरील कर्मचारी अदबीने सांगतो, ‘‘बाई, आपले कार्ड वरूनच बंद झाले आहे. नवे कार्ड टपालाने येईल.’’ बाई विचारतात, ‘‘माझ्या हातून काही चूक झाली का?’’ कर्मचाऱ्यापाशी याचे उत्तर नसते, कारण त्यालाही कोणी काही सांगितलेले नसते.

शिक्षिका काल्पनिक आहेत; परंतु घटना खरी आहे. त्या महिन्यात देशभरातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आल्याचे उघड झाले. एकट्या भारतीय स्टेट बँकेने सुमारे ६ लाख कार्डे बंद करून बदलून दिली. इतर बँकांनी कार्डे बदलली किंवा खातेदारांना पिन बदलण्यास सांगितले.

या घटनेचा कालक्रम अभ्यासण्याजोगा आहे. एटीएमवर केलेली मागणी संबंधित बँकेपर्यंत पोहोचविणाऱ्या संगणकव्यवस्थेस ‘स्विच’ म्हणतात. हिताची पेमेंट सर्व्हिसेस ही कंपनी बँकांसाठी असे काम करीत होती. २०१६ च्या मध्यात तिच्या व्यवस्थेत घातक संगणक-प्रणाली शिरली आणि तेथून कार्डांचा तपशील बाहेर गेला. काही कार्डांचा तपशील धोक्यात आल्याची शक्यता रिझर्व्ह बँकेच्या निदर्शनास ८ सप्टेंबर २०१६ रोजी आली. वृत्तपत्रांतून सर्वसामान्य खातेदारास ही गोष्ट समजली ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. भारतीय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने त्या वेळी जाहीर केले की, १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांच्या तक्रारी आल्या असून त्यांत सुमारे १ कोटी ३० लाख रुपये गेले आहेत. आपली व्यवस्था भेदली गेली होती, हे संबंधित कंपनीने फेब्रुवारी २०१७ मध्ये मान्य केले.

३२ लाख कार्डांच्या मानाने ६४१ ही संख्या लहान आहे. बँकांनी वेळीच कार्डे बंद केल्यामुळे मोठे नुकसान टळले, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही नियामकास सुगावा लागणे आणि ग्राहकास कारण समजणे यांच्यामध्ये सुमारे सहा आठवडे गेले. एवढ्या काळात ग्राहक आपले खातेपुस्तक तपासू शकला असता, पिन बदलू शकला असता, परदेशात झालेला अनोळखी व्यवहार ओळखू शकला असता. कार्ड बंद करून बँकेने पैशाचे रक्षण केले. परंतु कारण न कळल्याने अनेकांनी पिन बदलण्याचा खरा संदेशही फसवा समजून पुसून टाकला असेल, तर त्यांस दोष देता येणार नाही.

विलंबाची किंमत

माहितीगळतीत तीन घड्याळे चालू असतात. पहिले चोराचे : माहिती हाती आल्यापासून तो तिचा वापर करू लागतो. दुसरे संस्थेचे : गळती ध्यानात आल्यापासून ती तपास करते. तिसरे ग्राहकाचे : निरोप मिळाल्यापासून तो सावध होतो. पहिले आणि तिसरे घड्याळ यांतील अंतर म्हणजे चोरास मिळालेली सवलत होय.

संस्थेच्या बाजूनेही काही म्हणणे असते. काय गेले, किती गेले, छिद्र बुजले की नाही, हे कळण्याच्या आत बोभाटा केला, तर चोर सावध होऊन पुरावे पुसून टाकील, ग्राहकांत अकारण घबराट पसरेल, ही भीती निराधार नसते. म्हणूनच आधुनिक नियमांनी कळविण्याचे दोन टप्पे केले आहेत. पहिल्या टप्प्यात जेवढे ठाऊक आहे तेवढे तत्काळ सांगावयाचे; दुसऱ्या टप्प्यात तपासाअंती सविस्तर सांगावयाचे. तपास अपुरा आहे, ही सबब पहिल्या टप्प्यास लागू पडत नाही.

ग्राहकाच्या घड्याळास पैशातही मोल आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली. दोष बँकेचा नाही, ग्राहकाचाही नाही, तर व्यवस्थेतील तिसऱ्याच कोणाचा आहे, अशा प्रसंगी बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर कोणताही भार पडू नये, असे त्यात ठरविण्यात आले. ४ ते ७ दिवसांत तक्रार केल्यास बहुतेक बचत खात्यांसाठी भाराची कमाल मर्यादा १० हजार रुपये आणि मूलभूत बचत खात्यांसाठी ५ हजार रुपये ठेवण्यात आली. तक्रारीनंतर १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावी आणि ९० दिवसांत प्रकरणाचा निकाल लावावा, असाही दंडक घालण्यात आला. या मर्यादा वेळोवेळी सुधारल्या जातात, म्हणून आपल्या खात्यास सध्या कोणती लागू आहे, ते शाखेत विचारून घ्यावे. तत्त्व मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे : दिवस मोजावयास प्रारंभ होतो तो सूचना मिळाल्यापासून. जेथे सूचनाच नाही, तेथे ग्राहकाचे घड्याळ सुरूच झालेले नसते.

जबलपूरच्या नावाचा खटला

कळविण्याचे हे कर्तव्य आले कोठून, याचे उत्तर शोधताना वाट पुन्हा जबलपूरला येते. आणीबाणीच्या काळात विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्यांनी उच्च न्यायालयांत दाद मागितली. जबलपूर येथील मध्य प्रदेश उच्च न्यायालयासह अनेक उच्च न्यायालयांनी त्यांचे अर्ज ऐकण्याजोगे मानले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, त्या काळात नागरिकास अशी दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरुद्ध मत नोंदविले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते.

पुढे ४१ वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. त्या वेळी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या मुख्य निकालपत्रात जबलपूर खटल्याचा निर्णय चुकीचा ठरवून रद्द करण्यात आला. पित्याचा सहभाग असलेला निर्णय पुत्राने दुरुस्त केला, अशी ही आपल्या न्यायेतिहासातील दुर्मीळ घटना होय.

स्थानबद्धता आणि संगणकातील माहिती यांचा संबंध प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : व्यक्तीविषयी जे काही दुसऱ्याच्या हाती आहे, त्याचा जाब विचारण्याचा अधिकार त्या व्यक्तीस आहे की नाही? २०१७ च्या निकालाने तो आहे, असे उत्तर दिले. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जुलै २०१८ मध्ये माहिती संरक्षणाविषयीचा अहवाल सादर केला. २०१९ मध्ये मांडलेले विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले आणि अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला. या अधिनियमात माहिती बाळगणाऱ्या संस्थेसाठी जो इंग्रजी शब्द योजिला आहे, त्याचा अर्थ ‘विश्वस्त’ असा होतो. विश्वस्ताने हिशेब द्यावयाचा असतो. नफ्याचा तसा तोट्याचाही.

कोणास, केव्हा आणि काय कळवावयाचे

भारतातील कळविण्याचे नियम तीन दिशांनी जातात.

पहिली दिशा क्षेत्रीय नियामकाची. बँकांनी सायबर घटना ध्यानात आल्यापासून २ ते ६ तासांत रिझर्व्ह बँकेस कळवावी, असे २ जून २०१६ च्या सायबर सुरक्षाविषयक परिपत्रकात सांगण्यात आले होते.

दुसरी दिशा राष्ट्रीय तांत्रिक यंत्रणेची. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक, म्हणजेच ‘सर्ट-इन’, हे २००४ पासून कार्यरत आहे. त्याच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार माहितीगळतीसह ठरावीक प्रकारच्या घटना ६ तासांच्या आत कळविणे बंधनकारक झाले. एका संस्थेवर झालेला हल्ला त्याच रीतीने दुसरीवर होऊ शकतो. म्हणून इतरांस वेळीच सावध करणे, हा या निर्देशाचा हेतू आहे.

तिसरी दिशा व्यक्तीची, आणि ती सर्वांत नवीन आहे. २०२३ च्या अधिनियमाने माहितीगळती झाल्यास भारतीय डेटा संरक्षण मंडळास, तसेच ज्या ज्या व्यक्तीस झळ पोहोचली त्या प्रत्येकीस कळविण्याचे बंधन घातले. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मंडळाविषयीचे नियम लगेच लागू करण्यात आले. माहितीगळती कळविण्याच्या नियमासाठी अधिसूचनेत १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत ठेवण्यात आली.

या नियमानुसार व्यक्तीस पाठवावयाच्या सूचनेत पाच गोष्टी असावयास हव्यात : गळती कोणत्या स्वरूपाची, किती व्याप्तीची व केव्हा झाली, तिचे त्या व्यक्तीवर कोणते परिणाम संभवतात, संस्थेने धोका कमी करण्यासाठी काय केले, व्यक्तीने स्वतः कोणती काळजी घ्यावी, आणि शंका विचारावयाच्या असल्यास कोणाशी संपर्क साधावा. ही सूचना संक्षिप्त, स्पष्ट आणि साध्या भाषेत, विनाविलंब द्यावयाची आहे. मंडळास प्राथमिक माहिती विनाविलंब आणि सविस्तर माहिती ७२ तासांत द्यावयाची आहे. त्या सविस्तर अहवालात ग्राहकांना कळविले की नाही, याचाही तपशील द्यावा लागतो. नियामकास सांगून ग्राहकास अंधारात ठेवण्याची वाट त्यामुळे बंद होते.

सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि गळती न कळविल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद अधिनियमात आहे. मात्र ही दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याची माहिती गेली त्याच्या हाती पडत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३-अ मध्ये नुकसानभरपाईचा एक मार्ग होता. नव्या अधिनियमाची संबंधित तरतूद लागू झाल्यावर ते कलम वगळले जाणार आहे. म्हणून ग्राहकाचे खरे संरक्षण वेळेवर मिळालेल्या सूचनेत आणि तिच्यावर केलेल्या त्वरित कृतीत आहे.

इतरांच्या अनुभवातून

ग्राहकास कळविण्याची सक्ती करणारा आरंभीचा कायदा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २००३ रोजी लागू झाला. त्याची कसोटी २००५ मध्ये लागली. चॉइसपॉइंट या माहितीचा व्यापार करणाऱ्या कंपनीकडून लोकांचा तपशील भामट्यांच्या हाती गेला. कंपनीने आरंभी सुमारे ३५ हजार लोकांनाच पत्रे धाडली. ते सर्व कॅलिफोर्नियाचे रहिवासी होते, कारण कायदा तेवढ्याच राज्यात होता. ओरड झाल्यावर देशभरातील सुमारे १ लाख ४५ हजार लोकांना कळविण्यात आले. त्यानंतर एकेक करून अमेरिकेतील सर्व राज्यांनी असे कायदे केले. युरोपीय संघात मे २०१८ पासून नियामकास ७२ तासांत कळविण्याचा नियम लागू झाला.

लपविण्याचा परिणाम काय होतो, हे उबर कंपनीच्या प्रकरणात दिसले. २०१६ मध्ये सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती चोरीस गेली. कंपनीने चोरांस १ लाख डॉलर देऊन प्रकरण दाबले आणि वर्षभराने, नोव्हेंबर २०१७ मध्ये, ते मान्य केले. २०१८ मध्ये तिला अमेरिकेतील राज्यांशी तडजोड करताना १४ कोटी ८० लाख डॉलर भरावे लागले. माहिती दडविल्याबद्दल कंपनीच्या माजी सुरक्षाप्रमुखास ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्युरीने दोषी ठरविले.

कळविण्याची रीत चुकली, तर काय होते, हे इक्विफॅक्स प्रकरणाने दाखविले. या पतमाहिती कंपनीस गळती २९ जुलै २०१७ रोजी समजली आणि तिने ती ७ सप्टेंबर रोजी जाहीर केली. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यात होती. लोकांच्या मदतीसाठी कंपनीने मूळ संकेतस्थळाऐवजी वेगळ्याच नावाचे नवे संकेतस्थळ उघडले. ते इतके अनोळखी होते की, कंपनीच्याच कर्मचाऱ्यांनी काही ग्राहकांना चुकून त्याच्यासारख्या दिसणाऱ्या नकली पत्त्यावर पाठविले. सूचना ओळखीच्या दारातूनच आली पाहिजे, हा त्यातील धडा होय.

आपल्याकडील एअर इंडियाचे उदाहरणही बोधप्रद आहे. प्रवाशांची नोंद सांभाळणाऱ्या ‘सीता’ या बाहेरच्या कंपनीच्या व्यवस्थेत गळती झाली. तिने विमान कंपनीस २५ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रथम कळविले. कोणाकोणाची माहिती गेली, हे २५ मार्च आणि ५ एप्रिलला सांगितले. आणि सुमारे ४५ लाख प्रवाशांविषयीची सूचना मे महिन्यात पोहोचली. सूचनेत काळ, माहितीचे प्रकार आणि कार्डाचे मागील तीन अंक गेलेले नाहीत, हा दिलासा स्पष्टपणे दिला होता. परंतु एका संस्थेकडून दुसरीकडे व तेथून प्रवाशाकडे येईपर्यंत सुमारे तीन महिने गेले. २०१६ च्या कार्डप्रकरणातही बँक आणि ग्राहक यांच्यामध्ये अशीच एक तिसरी कंपनी होती. म्हणून बाहेरच्या कंपनीस काम देताना ‘गळती झाल्यास किती तासांत कळवाल’, ही अट करारातच घालून घेणे शहाणपणाचे ठरते.

सराफ्यातील दुकानदारासाठी

हे सर्व मोठ्या कंपन्यांचे विषय आहेत, असे समजणे चूक होईल. २ लाख रुपयांहून अधिक रकमेच्या खरेदीत ग्राहकाचा पॅन घेणारा सराफ, विद्यार्थ्यांचे पत्ते व पालकांचे मोबाइल क्रमांक संगणकात ठेवणारा शिकवणी वर्ग, रुग्णांचे अहवाल साठविणारी पॅथॉलॉजी, सभासदांची यादी बाळगणारी पतसंस्था हे सर्व आपापल्या परीने माहितीचे विश्वस्त आहेत. त्यांनी काही गोष्टी आजपासूनच कराव्यात.

गरजेपेक्षा अधिक माहिती घेऊ नये. आधार कार्डाचे छायाचित्र मोबाइलमध्ये वर्षानुवर्षे पडू देऊ नये. जे साठविलेलेच नाही, ते चोरीस जाऊ शकत नाही. याच विचाराने रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना ग्राहकांच्या कार्डाचा मूळ क्रमांक साठविण्यास मनाई केली आणि त्याऐवजी ‘टोकन’ची पद्धत आणली.

कोणाची कोणती माहिती कोठे आहे, याची एक यादी ठेवावी. गळतीच्या दिवशी ती तयार करू गेल्यास दोन दिवस त्यातच जातात. संगणक दुरुस्त करणाऱ्यास बोलावण्याआधी नोंदी पुसल्या जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी. ग्राहकांना कळविण्याचा मसुदा आधीच लिहून ठेवावा आणि त्यात काय घडले ते सरळ सांगावे. ‘तांत्रिक कारणास्तव’ यासारखे शब्द काहीच सांगत नाहीत. उलट संशय वाढवितात.

सूचना हाती आल्यावर

माहितीगळतीची वार्ता पसरली की नकली सूचनांचे पीक येते. चोरापाशी नाव आणि क्रमांक असतातच; ‘आपली माहिती फुटली आहे, खाते सुरक्षित करण्यासाठी येथे दाबा,’ असा संदेश पाठविणे त्यास सोपे जाते. म्हणून खातेदारांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. खरी सूचना घडलेले सांगते व काळजी सुचविते. ती पिन, ओटीपी, परवलीचा शब्द किंवा कार्डामागील तीन अंक कधीही मागत नाही.

२. संदेशातील दुव्यावर वा क्रमांकावर न जाता खातेपुस्तकावर किंवा कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः दूरध्वनी करावा, अथवा शाखेत जावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ मधील निर्देशानंतर बँकांची संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या अक्षरांनी संपणाऱ्या पत्त्यांवर आणण्यात आली आहेत. पत्ता तपासताना ही खूण उपयोगी पडते.

३. सूचनेत कोणती माहिती गेली असे म्हटले आहे, ते पाहून कृती करावी. कार्डाचा तपशील गेला असल्यास कार्ड बंद करून नवे घ्यावे. परवलीचा शब्द गेला असल्यास तो जेथे जेथे वापरला आहे, तेथे सर्वत्र बदलावा. आधार क्रमांक गेला असल्यास बोटांच्या ठशांची नोंद आधार प्राधिकरणाच्या सुविधेतून बंद करून ठेवता येते.

४. पॅन फुटल्यास आपल्या नावावर दुसऱ्याच कोणी कर्ज काढण्याचा धोका असतो. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून अनोळखी कर्जाची नोंद आहे का, हे पाहावे.

५. पैसे गेल्याचे दिसताच बँकेस कळवावे, १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि दोन्ही तक्रारींचे क्रमांक, दिनांक व वेळ लिहून ठेवावेत. बँकेकडून ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

६. अन्य कंपनीविषयी तक्रार असल्यास प्रथम तिच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागावी. डेटा संरक्षण मंडळाकडे जाण्यापूर्वी ही पायरी आवश्यक ठेवण्यात आली आहे.

७. नोंदविलेल्या मोबाइल क्रमांकावर व पत्त्यावरच सूचना येते. क्रमांक बदलला आणि बँकेस कळविले नाही, तर निरोप दुसऱ्याच्या दारी जातो. कळविण्याचे हे कर्तव्य मात्र ग्राहकाचे आहे.

दीक्षितपुऱ्यातील त्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न अखेरीस पुन्हा आठवावा : ‘‘माझ्या हातून काही चूक झाली का?’’ ज्याची माहिती चोरीस गेली, त्याच्यावर स्वतःस दोष देण्याची पाळी येऊ नये. खिडकीवरील कर्मचाऱ्यापाशी त्या दिवशी चार वाक्ये असती, तर त्या निश्चिंत मनाने घरी गेल्या असत्या : आपली चूक नाही, अमुक ठिकाणी गळती झाली, आपले पैसे सुरक्षित आहेत, खातेपुस्तक मात्र एकदा तपासून पाहा. नियामकांनी घातलेले तास, दंड आणि नमुने यांचे सार या चार वाक्यांत आहे. बँकेची पत तिजोरीच्या जाडीवर जशी अवलंबून असते, तशीच अडचणीच्या दिवशी ती आपल्या खातेदारास काय आणि केव्हा सांगते, यावरही अवलंबून असते.